‘दोन्ही बाजू शिकवा’ म्हणजे नेमकं काय? अमेरिकेतल्या शाळा, उत्क्रांती आणि शंभर वर्षांचे कोर्टकज्जे

२०२५च्या जुलैत अमेरिकेतल्या एका गाजलेल्या खटल्याला शंभर वर्षं झाली. ती बातमी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि काकांनी विचारलं, "चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या देशात शाळेत डार्विन शिकवायचा की नाही यावर कोर्टकज्जे?" खाली आतेबहिणीचं उत्तर आलं, "आमच्याकडे तर कज्जा न होताच धडा गेला." ती नागपूरजवळ सीबीएसईच्या शाळेत विज्ञान शिकवते.

काकांचं आश्चर्य खरं आहे आणि ताईचा टोमणाही खरा आहे. दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, हे ग्रुपवर टायपत बसण्याऐवजी एकदाच सविस्तर लिहून काढतो.

भांडण आहे तरी कशावर?

उत्क्रांती म्हणजे सजीवांच्या जाती पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातात आणि आजचे सगळे जीव मागे जाता जाता समान पूर्वजांना जाऊन मिळतात, हा जीवशास्त्राचा सिद्धांत. डार्विनने तो १८५९मध्ये पुस्तकरूपाने मांडला. तेव्हा जनुक हा शब्दही नव्हता.

निर्मितीवाद म्हणजे सजीव, निदान माणूस तरी, देवाने थेट आजच्या रूपात घडवला ही श्रद्धा. तिच्यात बऱ्याच छटा आहेत. काहींना पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची आहे हे मान्य असतं, फक्त माणसाबद्दल अपवाद हवा असतो. काही मात्र बायबलमधल्या वंशावळी मोजून पृथ्वीचं वय सहा ते दहा हजार वर्षं धरतात. सतराव्या शतकात आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी असाच हिशेब करून सृष्टीचा प्रारंभ इसवी सनापूर्वी ४००४मध्ये नेऊन ठेवला होता. अमेरिकेत हे मूठभरांचं वेड नाही. गॅलप ही संस्था १९८२पासून लोकांना हा प्रश्न विचारते आहे. देवाने माणूस गेल्या दहा हजार वर्षांत आजच्या रूपात घडवला, असं तेव्हा ४४ टक्के लोक म्हणाले होते. २०२४मध्येही ३७ टक्के तेच म्हणाले.

आधी थोडी बोंडअळी

वाद समजायचा तर उत्क्रांती चालते कशी ते माहीत हवं, आणि त्यासाठी विदर्भातल्या कापूस उत्पादकाइतका चांगला मास्तर सापडणार नाही.

२००२मध्ये बीटी कापूस आला. त्याच्या झाडात एका जिवाणूचं जनुक घातलेलं असतं. त्यामुळे पानाबोंडात असं प्रथिन तयार होतं, जे खाल्लं की बोंडअळी मरते. सुरुवातीची वर्षं मजेत गेली. २००६मध्ये दोन प्रथिनांचं वाण आलं. आणि २०१७च्या हंगामात महाराष्ट्रात बोंडं फोडून पाहावीत तर आत गुलाबी अळी मजेत बसलेली.

अळी हे विष पचवायला ‘शिकली’ नव्हती. लाखो अळ्यांत काही थोड्या अशा असतातच, ज्यांच्या जनुकातल्या किरकोळ फरकामुळे त्यांना हे प्रथिन बाधत नाही. एरवी त्या फरकाला काडीची किंमत नसते. पण सगळं शिवार बीटीचं झालं की बाकीच्या मरतात आणि ह्या उरतात. त्यांची पिल्लं त्यांच्यासारखी निपजतात. पुढच्या हंगामात त्यांचा वाटा वाढतो, त्याच्या पुढच्यात आणखी. व्यक्तिव्यक्तीत फरक, तो फरक पिल्लांत उतरणं आणि परिस्थितीने चाळणी लावणं, एवढ्या तीन गोष्टी लागतात. या चाळणीलाच नैसर्गिक निवड म्हणतात.

आता यातली खरी गंमत. हे होणार, हे बियाणं आणतानाच माहीत होतं. म्हणून ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी सरकी वेगळी दिलेली असायची. ती बांधाकडेने लावायची. तिथे साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचा संकर चिवट अळ्यांशी व्हावा आणि चिवटपणा पातळ होत राहावा, हा हेतू. अळ्यांना खायला म्हणून कापूस लावायचा, हे ऐकून कोणता शेतकरी लावेल? ती पुडी बहुतेक बांधावरच पडून राहिली. तिकडे अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी हे आश्रय-पीक नेटाने लावलं, नंतर वांझ केलेले पतंग सोडले, आणि २०१८मध्ये त्यांच्या कृषी खात्याने गुलाबी बोंडअळी देशातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. शाळेत उत्क्रांती शिकवण्यावरून ज्या देशात शंभर वर्षं भांडण आहे, तिथल्या शेतात ती हिशेबात धरली गेली.

"पण अळीची अळीच राहिली ना?"

निर्मितीवाद्यांचा हा हुकमी प्रश्न आहे, आणि तो मूर्खपणाचा नाही. जातीतल्या जातीत छोटे बदल होतात हे ते मान्य करतात. माशापासून चतुष्पाद झाला हे त्यांना पटत नाही.

इथे मला भाषेचं उदाहरण जवळचं वाटतं. दोन हजार वर्षांपूर्वी इकडे महाराष्ट्री प्राकृत बोलत. त्यातून ज्ञानेश्वरांची मराठी आली, त्यातून आपली. कुठल्याही घरात असं झालं नाही की आई प्राकृतात बोलते आहे आणि लेकरू मराठीत उत्तर देतं आहे. प्रत्येक पिढीला शेजारच्या पिढीचं बोलणं कळत होतं. तरी दोन टोकं समोरासमोर ठेवली तर भाषा वेगळ्या. जातींचंही असंच, फक्त काळ लाखांत आणि कोटींत मोजायचा.

आणि हे नुसतं उपमेवर उभं नाही. मासे पाणी सोडून जमिनीकडे वळत होते तो काळ कोणता आणि त्या वयाचे खडक कुठे उघडे आहेत, हे आधी ठरवून शास्त्रज्ञ कॅनडाच्या उत्तर ध्रुवाकडच्या भागात गेले. २००४मध्ये त्यांना तिथे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा ‘टिकटालिक’ मिळाला. अंगावर माशाचे खवले, पण मान हलणारी आणि परांच्या आत खांद्या-कोपराची हाडं.

‘पब्लिक स्कूल’ हा कळीचा शब्द

अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे लोकांच्या करातून चालणारी मोफत शाळा. देशात अशा शाळा चालवणारे तेरा हजारांच्या आसपास शाळा-जिल्हे आहेत आणि बहुतेकांचं मंडळ स्थानिक लोक निवडून देतात. आपल्याकडे अभ्यासक्रम दिल्लीत किंवा पुण्यात ठरतो. तिथे मतभेद गावकीपर्यंत उतरतो.

दुसरी बाजू राज्यघटनेची. १७९१च्या पहिल्या दुरुस्तीनुसार सरकारने कोणताही धर्म प्रस्थापित करायचा नाही. सरकारी शाळेचा शिक्षक वर्गात उभा असतो तेव्हा तो सरकार असतो. म्हणून खाजगी शाळेत, चर्चमध्ये किंवा घरी निर्मितीवाद शिकवायला कुणाची आडकाठी नाही. सरकारी शाळेतही धर्मांविषयी शिकवता येतं, म्हणजे इतिहासाच्या तासाला, साहित्याच्या तासाला. मनाई एवढीच की धर्ममत विज्ञान म्हणून शिकवायचं नाही. हा फरक निसटला की अख्खा वाद ‘देव विरुद्ध डार्विन’ असा दिसायला लागतो.

डेटन, १९२५: औषधाच्या दुकानात शिजलेला खटला

आता तो शंभर वर्षांपूर्वीचा खटला. १९२५च्या मार्चमध्ये टेनेसी राज्याने बटलर कायदा केला. बायबलमधली निर्मितीकथा नाकारून माणूस खालच्या प्राण्यांपासून आला असं सरकारी शाळेत शिकवलं तर शंभर ते पाचशे डॉलर दंड. नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एका संघटनेने जाहिरात दिली: या कायद्याला आव्हान द्यायला कुणी शिक्षक तयार असेल तर वकील आम्ही देतो.

डेटन या छोट्या गावातल्या काही मंडळींना ती जाहिरात म्हणजे गावाचं नाव पेपरात आणायची नामी संधी वाटली. रॉबिन्सन यांच्या औषधाच्या दुकानात बैठक बसली. जॉन स्कोप्स नावाच्या २४ वर्षांच्या शिक्षकाला टेनिस खेळत असताना बोलावून घेतलं. तो फुटबॉलचा प्रशिक्षक, विज्ञान शिकवायचा आणि जीवशास्त्रावर काही दिवस बदली म्हणून गेलेला. आपण तो भाग नक्की शिकवला का, हे त्याचं त्यालाही खात्रीने आठवत नव्हतं. पण तो आरोपी व्हायला तयार झाला. आणि ज्या पुस्तकात उत्क्रांती होती ते हंटरचं ‘सिव्हिक बायॉलॉजी’ राज्यानेच नेमलेलं होतं आणि रॉबिन्सनच्याच दुकानात विकायला होतं. रॉबिन्सन शाळा मंडळाचे अध्यक्षही होते! नाटक कंपनीला इतकं जुळून आलेलं कथानक सुचलं नसतं.

जुलैच्या उकाड्यात खटला उभा राहिला. सरकारच्या बाजूने तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन, आरोपीच्या बाजूने नामांकित फौजदारी वकील क्लॅरन्स डॅरो. शिकागोच्या रेडिओ केंद्राने थेट प्रक्षेपण केलं. रस्त्यावर सूटबूट घातलेला चिंपांझी फिरवला गेला. न्यायाधीशांनी शास्त्रज्ञांच्या साक्षी ज्युरीपुढे, म्हणजे निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांपुढे, येऊ दिल्या नाहीत, तेव्हा डॅरोने ब्रायनलाच बायबलचा तज्ज्ञ म्हणून साक्षीला बोलावलं. गर्दीमुळे कामकाज कोर्टाच्या आवारातल्या हिरवळीवर आलेलं. माशाने योनाला गिळलं ते खरं का? यहोशवाने सूर्य थांबवला, म्हणजे नेमकं काय थांबलं? सृष्टी घडली ते सहा दिवस चोवीस तासांचेच का? शेवटच्या प्रश्नावर ब्रायनने कबूल केलं की ते दिवस लांबलचक कालखंडही असू शकतील.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ही साक्ष कामकाजातून काढून टाकली. वर अपील करता यावं म्हणून डॅरोनेच आपल्या अशिलाला दोषी ठरवा असं सांगितलं. ज्युरीला नऊ मिनिटं लागली. दंड शंभर डॉलर. पाच दिवसांनी ब्रायन झोपेत वारले.

ब्रायनबद्दल एक वाक्य त्यांच्या बाजूने लिहायला हवं. त्यांची भीती सगळीच अडाणी नव्हती. ‘बळी तो कान पिळी’ हे निसर्गाचं तत्त्व म्हणून माणसांवर लावलं जाईल, हे त्यांना दिसत होतं. त्या हंटरच्या पुस्तकात मानववंशांची उतरंड लावून गोरे सर्वांत वर ठेवले होते आणि ‘निकृष्ट’ कुटुंबांची पैदास रोखावी असाही उपदेश होता. तो भाग विज्ञान नव्हता, विज्ञानाच्या पुस्तकात शिरलेला पूर्वग्रह होता. गंमत म्हणजे खटला त्या पानांवर झाला नाही.

जिंकलं कोण?

सांगताना नेहमी असं सांगतात की स्कोप्स कायद्याने हरला पण विज्ञान जिंकलं. मला हे पटत नाही. १९२७मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, पण तांत्रिक कारणावरून: पन्नास डॉलरच्या वरचा दंड ज्युरीने ठरवायला हवा होता, तो न्यायाधीशाने ठरवला. कायदा तसाच राहिला, थेट १९६७पर्यंत. मिसिसिपीने १९२६मध्ये आणि आर्कान्सॉने १९२८मध्ये असेच कायदे केले.

आणि पुस्तकं? प्रकाशकांना दक्षिणेतल्या राज्यांतही पुस्तकं खपवायची होती. हंटरच्या पुढच्या आवृत्तीतून ‘उत्क्रांती’ हा शब्द गाळला गेला. इतरांनी तो भाग आखडला, शेवटी ढकलला, सूचीतून काढला. कुणी बंदी घातली नाही, मोर्चा निघाला नाही. पुढची तीसेक वर्षं लाखो मुलं जीवशास्त्र शिकली आणि त्यातला मुख्य धागा त्यांना दिसलाच नाही. १९५७मध्ये रशियाचा स्पुटनिक उपग्रह डोक्यावर फिरायला लागला, तेव्हा सरकारने विज्ञानशिक्षणात पैसा ओतला आणि उत्क्रांती पुस्तकांत परतली.

बंदी गेली, ‘समान वेळ’ आली

नवी पुस्तकं आली तशी जुन्या कायद्यांशी टक्कर झाली. आर्कान्सॉतल्या सुसान एपरसन या शिक्षिकेच्या खटल्यात १९६८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घटनाबाह्य ठरवली.

मग विरोधकांनी पवित्रा बदलला. बंदी नको, समान वेळ द्या. उत्क्रांतीइतकंच ‘निर्मिती-विज्ञान’ शिकवा. आर्कान्सॉने १९८१मध्ये तसा कायदा केला. त्याविरुद्ध कोर्टात गेलं कोण, तर मेथडिस्ट पाद्री, कॅथलिक आणि एपिस्कोपल बिशप! सरकारने आमची श्रद्धा विज्ञानाच्या तराजूत घालू नये, असं त्यांचं म्हणणं. न्यायमूर्ती ओव्हर्टन यांनी १९८२च्या जानेवारीत तो कायदा रद्द केला. निकालाचा गाभा असा: जे दावे निसर्गनियमांवर उभे असतात, तपासता येतात आणि चुकीचे ठरू शकतात, ते विज्ञान, निष्कर्ष आधी पक्का करून पुरावा नंतर गोळा करणं हे विज्ञान नव्हे. लुइझियानाचा असाच कायदा १९८७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी घटनाबाह्य ठरवला.

यानंतर जे घडलं ते मला या सगळ्या कथेत सर्वांत आवडतं. ‘क्रिएशन’ शब्द आता कोर्टात चालणार नव्हता. म्हणून ‘इंटेलिजंट डिझाइन’ आलं. सजीव इतके गुंतागुंतीचे आहेत की कुणा बुद्धिमान रचनाकाराशिवाय ते होणे नाही, हा त्याचा दावा. रचनाकार कोण ते सांगायचं नाही. देव म्हणायचं नाही, बायबल काढायचं नाही.

डोव्हर: खोडायला विसरलेला शब्द

पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळाने २००४मध्ये ठराव केला की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचून दाखवायचं: डार्विनचा सिद्धांत ही वस्तुस्थिती नाही, त्यात त्रुटी आहेत, इंटेलिजंट डिझाइनविषयी वाचायचं तर ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक उपलब्ध आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला साफ नकार दिला. शेवटी प्रशासनातले अधिकारी वर्गात येऊन वाचून गेले. मुलांनी त्यावर प्रश्न विचारायचे नाहीत! अकरा पालक कोर्टात गेले.

खटल्यात त्या पुस्तकाचे जुने कच्चे खर्डे मागवले गेले. १९८७च्या निकालाआधीच्या खर्ड्यांत जिथे ‘क्रिएशनिस्ट्स’, म्हणजे ‘निर्मितीवादी’ होतं तिथे निकालानंतर ‘डिझाइन प्रोपोनंट्स’, म्हणजे ‘रचनेचे पुरस्कर्ते’ आलेलं. वाक्यं तीच. आणि एका ठिकाणी शब्द बदलताना जुन्याचं शेपूट राहून गेलं: ‘सीडिझाइन प्रोपोनंटसिस्ट्स’. मागच्या लग्नाचा मजकूर वापरून नवी पत्रिका छापावी आणि एका कोपऱ्यात जुन्या नवरदेवाचं नाव तसंच राहावं, तसा प्रकार. दोन जातींना जोडणारा जीवाश्म म्हणतात तो हाच, असं शास्त्रज्ञांनी हसत हसत म्हटलं.

इंटेलिजंट डिझाइनची शास्त्रीय बाजू मायकल बीही या जीवरसायनशास्त्रज्ञाने मांडली. त्यांचं आवडतं उदाहरण जिवाणूच्या शेपटीचं. ती मोटरसारखी फिरते. एक भाग काढला तर बंद पडते. मग ती टप्प्याटप्प्याने कशी घडेल? प्रश्न चांगला आहे. उत्तर असं की तिचे भाग आधी दुसऱ्याच कामाला असू शकतात. काही जिवाणूंत याच शेपटीच्या बुडासारखी रचना सुईप्रमाणे विष टोचायला वापरली जाते. आपल्याकडे शेतकरी मोटारसायकलचं इंजिन लावून कोळप्याचं यंत्र करतात. ते इंजिन कोळपणीसाठी जन्माला आलेलं नसतं.

उलटतपासणीत बीहींना विचारलं की विज्ञानाची तुमची व्याख्या धरली तर फलज्योतिषही त्यात बसेल का. त्यांनी मान्य केलं की बसेल. हे वाचताना आपल्याकडच्या विद्यापीठांतले ज्योतिषाचे अभ्यासक्रम आठवले नाहीत असा मराठी वाचक विरळा.

समोरून, म्हणजे पालकांच्या बाजूने, साक्षीला होते जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर, स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. त्यांनी मांडलेला एक पुरावा लक्षात राहण्यासारखा आहे. चिंपांझी, गोरिला यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३. पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? ती हरवणं शक्य नाही. म्हणजे दोन गुणसूत्रं कुठेतरी जुळलेली असली पाहिजेत. तपासलं, तर माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात ती गाठ मिळाली. जी खूण एरवी गुणसूत्राच्या टोकालाच असते, ती इथे मध्यभागी.

२० डिसेंबर २००५ला न्यायमूर्ती जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकाल दिला: इंटेलिजंट डिझाइन विज्ञान नाही, तो निर्मितीवादाचाच नवा अवतार आहे. न्यायमूर्ती रिपब्लिकन, नेमणूक जॉर्ज बुश यांची. तरी त्यांना धमक्या आल्या आणि संरक्षण द्यावं लागलं. मतदारांनी त्याआधीच, नोव्हेंबरमध्ये, ते मंडळ घरी पाठवलं होतं. शाळा-जिल्ह्याला वकिलांच्या फीपोटी सुमारे दहा लाख डॉलर मोजावे लागले.

नेहमीच्या शंका

"ही तर नुसती थिअरी आहे." आपण बोलताना ‘माझी अशी थिअरी आहे’ म्हणतो, तेव्हा अंदाज म्हणायचा असतो. विज्ञानात सिद्धांत म्हणजे अनेक तपासण्यांतून टिकलेली, विखुरलेली तथ्यं एकत्र समजावणारी चौकट. रोग जंतूंमुळे होतात हीसुद्धा थिअरीच.

"माकडापासून माणूस झाला, तर आजची माकडं का होत नाहीत?" मी माझ्या चुलतभावापासून जन्मलो नाही. आमचे आजोबा एक. एक घर कोकणात राहिलं, एक देशावर आलं. माणूस आणि चिंपांझी यांचे असे समाईक आजोबा साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचे.

"दोन्ही बाजू शिकवा, मुलं ठरवतील." ऐकायला फार न्याय्य वाटतं, म्हणून यावर थोडं थांबतो. पहिलं म्हणजे बाजू दोनच कशा? बायबलची कथा एक, नासदीय सूक्त वेगळं, वारल्यांची सृष्टिकथा वेगळी, चिनी वेगळी. ‘दुसरी बाजू’ म्हणताना प्रत्येकाच्या मनात आपलीच असते. दुसरं, विज्ञानाच्या पुस्तकात जागा तासांच्या वाटणीने मिळत नाही. नवी कल्पना आधी प्रयोगशाळेत, शोधनिबंधांत, विरोधकांच्या टीकेत टिकते आणि वीसेक वर्षांनी शाळेत पोचते. इंटेलिजंट डिझाइनला मधला रस्ता टाळून थेट नववीत बसायचं होतं.

"पण विज्ञान काय ते ठरवणारे न्यायाधीश कोण?" ही शंका मला खरी वाटते. कोर्टाने विज्ञानाची व्याख्या करणं काही विज्ञाननिष्ठ तत्त्वज्ञांनाही रुचलं नव्हतं. आणि कोर्टाच्या आधारात दुसरी कच्ची बाजूही आहे. १९८७चा निकाल सरकारच्या कृतीमागचा हेतू धार्मिक आहे का, या कसोटीवर उभा होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये फुटबॉलच्या मैदानावर प्रार्थना करणाऱ्या एका प्रशिक्षकाच्या खटल्यात ती कसोटीच बाजूला ठेवली. उद्या नवा खटला आला तर जुनी उत्तरं तशीच मिळतील असं गृहीत धरता येत नाही.

"उत्क्रांती मानली की देव गेला." ओव्हर्टनच्या कोर्टातले बिशप आणि डोव्हरचे मिलर वर येऊन गेलेच. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९९६मध्ये उत्क्रांती ही नुसत्या गृहीतकापेक्षा अधिक आहे असं म्हटलं होतं.

"आपल्या दशावतारात हे आधीच आहे." मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह हा क्रम मलाही लहानपणी मोहवायचा. पण तिथे एकच देव रूपं घेतो. बोंडअळीच्या गोष्टीतल्या तीन वस्तू, म्हणजे फरक, वारसा आणि चाळणी, त्यात कुठेच नाहीत. दशावताराला डार्विनचं प्रमाणपत्र मिळवून देण्यात त्याचाही मान वाढत नाही.

आतेबहिणीचा टोमणा

२०१८च्या जानेवारीत औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एका वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विन शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचं सांगितलेलं नाही, आणि अभ्यासक्रम बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त पत्रक काढून विरोध केला, वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकरांनी त्यांना आवरायला सांगितलं. गाजावाजा झाला, म्हणून विरोधही झाला.

पाच वर्षांनी जे झालं ते शांतपणे. कोविडच्या काळात मुलांवरचा भार कमी करायचा म्हणून सीबीएसईच्या शाळांत चालणारी पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातला उत्क्रांतीचा भाग वगळला आणि २०२३च्या नव्या छपाईत धड्याचं नाव नुसतं ‘आनुवंशिकता’ उरलं. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं. एनसीईआरटीचं म्हणणं, उत्क्रांती बारावीत आहेच. आहे, पण बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्यांनाच. कॉमर्सला, आर्ट्सला, आयटीआयला जाणाऱ्या मुलासाठी दहावीचं पुस्तक हे शेवटचं. तुर्कस्तानने २०१७मध्ये हेच केलं होतं, मुलांना झेपणार नाही या कारणाने. महाराष्ट्र मंडळाच्या २०१८पासूनच्या दहावीच्या पुस्तकात मात्र विज्ञानाच्या दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे.

आमच्या गळतीमागे निर्मितीवादी होते असा माझा दावा नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही, आणि आवर्त सारणीही त्याच सुमारास दहावीतून गेली. पण डेटननंतर अमेरिकेत जे झालं त्याच्याशी याचं साम्य आहे. तिथे आजही कोर्टात जिंकलेली गोष्ट वर्गात पोचतेच असं नाही. बर्कमन आणि प्लट्झर या अभ्यासकांनी नऊशेहून अधिक जीवशास्त्र-शिक्षकांची पाहणी केली होती, ती २०११मध्ये प्रसिद्ध झाली. तेरा टक्के शिक्षक उघड निर्मितीवादाची बाजू घेत होते. साठ टक्के मात्र नको ती कटकट म्हणून विषयाला वळसा घालत होते. यांच्यावर कोण खटला भरणार? २०१९च्या पाहणीत चित्र सुधारलेलं दिसलं, आणि त्याचं श्रेय निकालांइतकंच नव्या अभ्यासक्रम-निकषांना दिलं गेलं, ज्यांत उत्क्रांती स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर काकांनी अंगठा दाखवला. ताईने रात्री उशिरा लिहिलं की तिच्या दहावीच्या वर्गात निम्म्या मुलांचं आजोळ यवतमाळ-वर्ध्याकडचं आहे, आणि त्या आठवड्यात एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, आमच्या आजोबांच्या बीटीला आता अळी का लागते?" प्रश्न पोर्शनमध्ये नव्हता. तिने फळा पुसला आणि उरलेला तास त्यावरच घालवला.